वर गेलेली टिंबं

टिंबं वर होती. सुभद्रेनं कागद गुडघ्यावर सरळ केला, पदराच्या टोकानं चष्म्याची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं. टिंबं वरच होती. राजापेठेतल्या शेषरावाच्या छापखान्यात, भिंतीकडेच्या लाकडी बाकावर ती बसली होती. समोर ट्रेडल यंत्र उघडमीट करत कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका ओकत होतं, आणि रॉकेल, शाई, खळ यांचा एक आंबूस वास तिच्या नव्या लुगड्यात शिरत होता. अकोल्याहून एसटीनं निघाल्यापासून नवऱ्यानं पोचती करायला दिलेली ही प्रुफं तिच्या पिशवीत होती आणि तिनं ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. काय पाहायचं त्यात? नवऱ्याचं पुस्तक, नवऱ्याची सही. शेषराव कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होता म्हणून, हाताला काही चाळा हवा म्हणून, तिनं पिशवीतून कागद काढले आणि नेमकं हेच पान वर आलं. माथ्यावर ठळक अक्षरांत ‘वऱ्हाडी अंगाई’, त्याखाली ‘ताल दादरा’, मग स्वरांची एक ओळ, तिच्याखाली शब्दांची एक ओळ, असं गाणं सहा-सहा मात्रांच्या खुराड्यांत बसवलेलं. स्वराच्या पायाशी टिंब असलं की तो खालच्या सप्तकातला, मंद्र. डोक्यावर टिंब असलं की वरचा, तार. अंगाईच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर खाली उतरतं, षड्जावरून हलकेच खालच्या धैवतात बुडी मारतं. तिथं धच्या पायाशी टिंब पाहिजे. ते टिंब धच्या डोक्यावर, लग्नात कपाळावर अक्षत चिकटून राहावी तसं बसलं होतं. एका ओळीत नाही, सगळ्या ओळींत. म्हणजे अंगाई म्हणता म्हणता आईनं प्रत्येक ओळीला एकदम किंचाळायचं. मूल झोपायचं सोडा, शेजारची म्हातारी दचकून उठेल. आणि या पानाखाली, उजव्या कोपऱ्यात, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तपासले. छापण्यास हरकत नाही. वा. शं. देशमुख, संगीत विशारद.’

तिला हसू आलं नाही. हसू यावं एवढी माया त्या सहीबद्दल तिच्यात उरली नव्हती. परवाच संध्याकाळी तिनं हे तपासणं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं-ऐकलं होतं. वामनराव हार्मोनियम पुढ्यात घेऊन बसले होते, प्रुफं पेटीच्या माथ्यावर टेकवलेली. डाव्या हातानं भाता हलत होता आणि उजव्या हाताची बोटं सवयीनं चालली होती. अंगाईचं पान आलं तेव्हा बोटं सवयीनंच खालच्या धैवतावर उतरली, वामनरावांनी मान डोलावली आणि ते ‘वा’ म्हणाले. कुणाला म्हणाले? स्वतःलाच. कागदावर काय आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी आपली आठवण वाचली आणि तिच्यावर सही केली. शब्दांमधले ऱ्हस्वदीर्घ मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिले असणार, आणि पहिल्या पानावरचं आपलं नाव तर बोट ठेवून, दोनदा. हा माणूस गाणं पाहत नाही आणि ऐकतही नाही, गाण्यापाशी उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेतो, असं तिला वाटलं, आणि वाटल्यावर जरा बरं वाटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हे एक सुख तिनं कुणालाही न सांगता पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, चारचौघींत ‘आमच्या ह्यांना की नाही’ असं कौतुकानं बोलताना ती ती गाठ हळूच चाचपून पाहायची. तुच्छता शिळी होत नाही. लोणच्यासारखी मुरते.

लग्न होऊन ती अकोल्यात, मोर्णेकाठच्या जुन्या शहरात आली तेव्हा वामनराव मुलींच्या शाळेत नुकतेच गायन मास्तर झाले होते. नव्या नवरीला लोक काय काय आणतात. यांनी तिला स्वरलिपी आणली. दुपारी सगळे निजले की ओसरीच्या आतल्या खोलीत पाटी घेऊन बसवायचे आणि शिकवायचे, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, वर उभी रेघ म्हणजे तीव्र, असं असं कमानीसारखं म्हणजे मींड. ती भराभर शिकली. तिला वाटलं, नवरा आपल्याला गायला शिकवतो आहे. पुढं कळलं की यांचं अक्षर वाईट होतं आणि यांना नक्कल करून देणारं कुणीतरी घरात हवं होतं. मग तिनं आयुष्यभर नकला केल्या. आताच्या या पुस्तकाची, ‘सुबोध वऱ्हाडी स्वरमाला’ची सगळी हस्तलिखितं तिच्याच हातची. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळांना लोकगीतं पाहिजेत असं वरून पत्रक निघालं होतं आणि वऱ्हाडातल्या एकूणएक गायन मास्तराला अचानक आपल्या मातीचा उमाळा आला होता. वामनरावांचा उमाळा सगळ्यांत मोठा, कारण पुस्तक समितीनं मंजूर केलं तर ते जिल्ह्याचे संगीत निरीक्षक होणार होते. पण गाणी आणायची कुठून? खेड्यात जायचं तर धोतराला चिखल लागतो. गाणी घरातच होती, चुलीपाशी. ‘अगं, ते तुझं पाखराचं म्हण बरं,’ म्हणून पेन्सिल कानामागून काढून ते बसायचे आणि ती म्हणायची. पहिली ओळ पुरी झाली नाही तोच हात वर, ‘थांब. हा शब्द कितव्या मात्रेवर?’ तिला काय ठाऊक कितव्या मात्रेवर? श्वास कितव्या मात्रेवर घेतेस असं कुणी विचारलं तर माणूस गुदमरूनच जाईल. तरी ती थांबायची, मोजायची, पुन्हा म्हणायची, आणि प्रत्येक वेळी गाणं थोडं थोडं मरायचं, कोंबडी मारणारा नवशिका असावा तसं, एका घावात नाही. शब्दांचंही तेच झालं. गाणं असं होतं,

जाय जाय पाखरा, सांज उतरे शिवारी,
तुह्या घरट्यात माय, माह्यी सई नाल्यावरी.

वामनरावांनी ते ‘शुद्ध’ केलं. ‘जा जा पाखरा, सांज उतरे शिवारात, तुझ्या घरट्यात माता, माझी सखी नदीतटात.’ नदीतटात! तिच्या माहेरचा, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातला उन्हाळ्यात भेगाळणारा नाला तो, त्याला यांनी तट दिला. तिनं नक्कल करताना तोंडातून एक अक्षर काढलं नाही. सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, नदीतटात. आणि ओळीच्या शेवटी धच्या पायाशी, निब जरा जास्त दाबून, एक टिंब दिलं.

गिऱ्हाईक गेलं आणि शेषराव हात पुसत आला. पोट सुटलेला, बोलका माणूस. वामनरावांना मास्तर म्हणायचा आणि मास्तरांकडून काम मिळालं तर समितीकडूनही मिळेल अशा हिशेबानं त्यांच्या बायकोलाही चहा सांगायचा. चहा नको म्हटलं तरी त्यानं सांगितला. मग प्रुफांचा गठ्ठा मागितला, जुळवलेल्या पानांचा फर्मा चौकटीत बांधून तयार आहे, या पत्रिका उतरल्या की मास्तरांचंच काम यंत्रावर चढवायचं, संध्याकाळपर्यंत ताव निघतील, समितीची तारीख जवळ आली, अशी सगळी माहिती त्यानं एका दमात दिली. सुभद्रेनं बाकीचे कागद दिले आणि अंगाईचं पान गुडघ्यावरच ठेवलं. हे कुणी जुळवलं, असं तिनं विचारलं.

‘देवमननं,’ शेषराव म्हणाला. ‘कावून, वयनी? चुकलं काय?’

‘टिंबं,’ ती म्हणाली, ‘वर लागली.’

शेषरावानं कागद हातात घेऊन जवळ नेला, लांब नेला, आणि टिंबं वर असोत की खाली, आपल्याला सारखीच, असं तोंड करून परत दिला. मास्तरांनी तर सही दिली, एवढंच तो म्हणाला. त्या म्हणण्यात एक सावध गुळगुळीतपणा होता. नवऱ्याच्या सहीवर बायको बोट ठेवते आहे हे त्याच्या ध्यानात आलं होतं आणि जात्याच्या त्या दोन दगडांमध्ये आपलं बोट सापडू नये असं त्याला वाटत होतं. त्यानं आतल्या बाजूला तोंड करून देवमनला हाक मारली. देवमन खणांच्या उंच घोडीसमोर उभा राहून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. तिशीचा, अंगानं वाळका, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातातलं काम हातात घेऊनच तो आला, म्हणजे ती लोखंडी स्टिक, जीत जुळारी एकेक खिळा उभा करून ओळ रचतो. सुभद्रेनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात जे आलं ते काही चांगलं नव्हतं. सासरच्या ओसरीवर बसून बसून माणसाच्या नजरेला जी सवय लागते ती तिच्याही नजरेला लागली होती. याला गाण्यातलं काय कळणार, हे तिनं तो बोलायच्या आधीच ठरवून टाकलं. आणि देवमनलाही बहुतेक ती नजर ओळखीची असावी. तो बसला नाही, वाकलाही नाही. पान पाहिलं, तिनं पिशवीतून काढून दाखवलेलं हस्तलिखित पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

‘माह्यीच चूक हाय, बाई,’ तो म्हणाला. ‘आमच्या स्टिकमंदी अक्षर डोक्यावर उभं रायते. पाय वर, डोकं खाली. उकार-मात्रा हाताले पाठ हायेत, तेथी नाई चुकत. हे टिंब नवं होतं. तुमच्या कागदावर खाली दिसलं, मी खाली ठेवलं. स्टिकमधलं खाली म्हंजे छापल्यावर वर.’ मग शेषरावाकडे न पाहता त्यानं पुस्ती जोडली, की पुस्तकात फक्त या एकाच गाण्याला टिंबं होती, बाकीची सगळी मधल्या सप्तकातली, म्हणून दुसरीकडे कुठं चूक दिसलीही नाही. आणि मास्तरांनी पान पास केलं तेव्हा त्याला वाटलं, आपलं बरोबरच आलं.

शेषरावानं मधेच विचारलं, दुरुस्तीला वेळ किती. फर्मा सोडून टिंबांची पट्टी उचलायची, खाली बसवायची, ओळी पुन्हा आवळायच्या, दुपार मोडेल, असं देवमन म्हणाला. शेषरावाचं तोंड आंबट झालं. ‘वयनी, तुमी म्हनसान तसं,’ तो म्हणाला, ‘पन मास्तरची सही हाय न. तुमी म्हनत असान तं करू. नाई तं चढवू.’ आणि दोघंही उभे राहिले. यंत्र पत्रिका ओकत राहिलं. म्हणजे आता तिनं सांगायचं होतं.

तिला एक गोड, घाणेरडी गोष्ट सुचली होती आणि ती तिला थोडा वेळ तोंडात घोळवायची होती. जर हे असंच छापलं तर? पुस्तक समितीपुढं जाईल. समितीवर एखादा तरी खरा गवई असेलच. तो पान उलटेल, अंगाई पाहील, तार सप्तकातला धैवत पाहील, आणि मोठ्यानं हसेल. नागपूरच्या कचेरीत टेबलाभोवती सगळे हसतील. ‘हा देशमुख विशारद, याची बायको मूल असं झोपवते की काय,’ असं कुणीतरी म्हणेल. निरीक्षकपद गेलं. वामनराव घरी येऊन पेटीसमोर बसतील, पान उघडतील आणि पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, कागदावर काय आहे ते पाहतील. तो चेहरा तिला दिसला. तिनं तो मनातल्या मनात सावकाश, दुधावरची साय बोटानं ओढून घ्यावी तसा ओढून घेतला. आणि त्या चेहऱ्यापाठोपाठ दुसरंही काही दिसायला लागलं, जे तिला नको होतं. शाळेतल्या मुली. पुस्तक मंजूर झालं तरी, न झालं तरी अकोल्याच्या शाळेत ते लागणारच. परकर-पोलक्यातल्या मुली ओळीनं उभ्या राहून तिचं गाणं म्हणणार. चुकीचं म्हणणार. ते गाणं तिच्या आईचं होतं. तानुबाईचं. ते वामनरावांच्या तोंडावर फेकायला वापरायचं म्हणजे आईच्या पातळाचं पोतेरं करण्यासारखं होतं. नाही, दुरुस्त करायला सांगायचं, असं तिनं ठरवलं. टिंबं खाली.

पण सांगायच्या आधी, का कोण जाणे, पान पुन्हा समोर धरून तिनं ते, शब्द आपले मूळचे पण सूर छापल्याप्रमाणे, मनातल्या मनात म्हणून पाहिलं. केवढं विचित्र होतं ते बघावं एवढ्यासाठीच. जाय जाय पाखरा, हे मधल्या सुरांत, सपाट पायवाटेसारखं. सांज उतरे शिवा, इथपर्यंत षड्जावर. आणि मग त्या शेवटच्या अक्षरावर, री, एकदम वर, फार वर, ज्या उंचीला घरात कुणी जात नाही तिथं. आणि तिथंच, त्याच बिंदूवर, तिला वारा लागला. पौषातला वारा. जोंधळा डोक्याच्या वर गेलेला, कणसांचा दाणा दुधातून चिकात, चिकातून पिठात आलेला. चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, त्यावर चढायला गाठी मारलेला दोर. वर तानुबाई उभी आहे, कासोटा खोचलेला, एका हातात गोफण, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं केव्हाच उडालेला आणि तिला त्याची शुद्ध नाही. आठ वर्षांची सुभद्रा माळ्याच्या कडेला पाय सोडून गोफणीसाठी गोटे निवडते आहे. भुरर्‌कन पाखरांचा थवा उठतो, काळ्या ढगासारखा वळतो, दुसऱ्या ओळीवर बसतो. नाल्याच्या पलीकडे दुसऱ्या शेतात दुसरा माळा, त्यावर दुसरी बाई, एवढीशी, बोराएवढी दिसणारी. आणि तानुबाई म्हणते, जाय जाय पाखरा, हे जवळच्या पाखरांना, सांगितल्यासारखं; आणि ओळीच्या टोकाला आवाज फेकते. गोफणीतून गोटा सुटावा तसा. नाल्यावरीऽऽ. तो आवाज जोंधळ्यावरून, नाल्यावरून, बाभळीवरून जातो, पाखरं उठतात, आणि क्षणभरानं पलीकडून तसाच दुसरा आवाज येतो. त्या बाईचं नाव काय होतं? आई तिला सईच म्हणायची. त्या दोघी दिवसभर अशा बोलायच्या. एका ओळीला इकडून साद, एका ओळीला तिकडून. धैवतच होता की त्याच्यापेक्षा काही खाली, देव जाणे. पण उडी हीच होती. या पानावर देवमनच्या हातानं उलटी बसलेली, हीच.

अंगाई कुठून आली मग? सुभद्रेनं कागद खाली ठेवला. अंगाई आईनं कधी म्हटली नव्हती. आई सांजेला इतकी थकलेली असायची की लेकीच्या आधी तीच झोपायची. अंगाई सुभद्रेची होती. सासरी आली, पहिलं मूल झालं, पाळण्याची दोरी हातात आली, आणि तिला दुसरं एकही गाणं येत नव्हतं, म्हणून तिनं हेच म्हटलं. ओसरीवर सासरे पडलेले. सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाईचा आवाज उंबऱ्याच्या आत. ओळीचं टोक आलं, गळ्यानं उडी घ्यायला अंग आखडलं, आणि वर जायला जागा नव्हती. गळा तर कुठंतरी जाणारच होता. तो खाली गेला. वरची उडी तिनं खालच्या बुडीत लपवली, चोरीचा दागिना पिठाच्या डब्यात लपवावा तशी, आणि इतकी वर्षं रोज त्याच डब्यातलं पीठ मळत राहिली, की आत काय ठेवलं होतं ते तिलाच आठवेनासं झालं. वामनरावांनी तर ते ऐकून डोळे मिटले होते. ‘काय मंद्र आहे गं तुझा,’ म्हणाले होते, ‘घरंदाज.’ त्या एका शब्दानं ती महिनाभर फुलून गेली होती. लाज वाटावी अशी गोष्ट आता आठवली तर ही. नवऱ्यानं चूक लिहिलं नव्हतं. त्यानं जे ऐकलं तेच लिहिलं होतं. त्याला ऐकवलं कुणी? तो शब्द बिघडवत होता, मात्रा मोजत होता, हे खरं. पण गाण्याचं मुंडकं धरून पाण्याखाली दाबलं होतं ते तिनं, आणि वर निब दाबून, शाई ओतून, त्याच्यावर टिंबाचा खिळा ठोकला होता तोही तिनंच. वर्षानुवर्षं जी तुच्छता तिनं नवऱ्यासाठी राखून ठेवली होती तिच्यातला चांगला मोठा वाटा दुसऱ्याच एका माणसाचा निघाला, आणि तो माणूस बाकावर बसून तिच्याच डोळ्यांनी पाहत होता.

यंत्राचा खडखडाट चालूच होता. शेषराव हिशेबाच्या टेबलाकडे वळला होता, देवमन तसाच उभा होता, स्टिक हातात. सुभद्रेनं पदर तोंडाशी धरला आणि, या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार आहे, असं स्वतःला सांगून, ओळ म्हटली. जाय जाय पाखरा. हे आलं. सांज उतरे शिवा. हेही आलं. आणि मग तिनं आवाज फेकला. तो गेला नाही. एक चिरका, फाटका, मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज गळ्यातून निघाला आणि दातांपाशीच पडला. गोफण होती, पण तिची दोरी इतक्या वर्षांत कुजली होती. नेमकं त्याच क्षणी कुणीतरी यंत्र थांबवलं होतं, कागद घालायला की कशाला, आणि तो आवाज सगळ्या छापखान्यानं ऐकला. शेषराव टेबलावरून उठून म्हणाला, ‘वयनीले ठसका लागला, पानी दे रे.’ देवमननं स्टिक ठेवली, कोपऱ्यातल्या माठातून पितळी पेल्यात पाणी आणलं. तिनं पेला घेतला. घ्यायच्या आधी एक क्षण तिचा हात अडला, जुन्या शहरातल्या ओसरीवरची तीच सवय, आणि देवमननं ते पाहिलं, आणि तिनंही पाहिलं की त्यानं पाहिलं. मग तिनं पेल्याला ओठ लावले आणि पाणी पुरतं पिऊन टाकलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि एवढं करूनही ती काही मोठी झाली नव्हती.

देवमन पेला घेऊन तिथंच उभा राहिला. ठसका नव्हता हे त्याला कळलं होतं. ‘तसं हाय ते?’ त्यानं हळूच विचारलं. ‘जसं मी बसवलं तसं?’

‘तसंच हाय,’ ती म्हणाली. तिची बोली केव्हा घसरली ते तिला कळलं नाही. ‘राखनीचं गानं हाय ते. माह्यी माय माळ्यावरून म्हने. मलेच येत नाई आता.’

देवमननं पेला माठावर पालथा घातला. कौतुक नाही, सहानुभूती नाही. बहुतेक त्याला एवढंच वाटलं असेल, की बरं झालं, फर्मा सोडायला नको. आणि तेही तिला आवडलं. चूक त्याची होतीच, ती काही पुण्याई नव्हती. त्यानं हात उलटा चालवला आणि गाणं सुलटं पडलं, एवढाच संबंध. तिनं शेषरावाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, टिंबं आहेत तशीच राहू द्या. शेषरावाचा चेहरा उजळला. पण वरचं ‘अंगाई’ तेवढं काढा, तिथं ‘राखणीचं गाणं’ घाला. आणि शब्द, ती म्हणाली, शब्दही मी लिहून देते ते घाला. शेषराव पुन्हा घोटाळला. मास्तर काय म्हणतील? सही तर जुन्यावर आहे. ‘मास्तर पाह्यतात कुठं,’ ती म्हणाली, आणि हे ती आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या माणसासमोर मोठ्यानं बोलली होती. शेषरावाला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं, आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिनं नदीतट खोडला. माता खोडली. ‘जा जा’चं ‘जाय जाय’ केलं, ‘शिवारात’चं ‘शिवारी’. तुह्या, माय, माह्यी सई नाल्यावरी असं लिहिलं. देवमननं कागद उचलला, एकदा वाचला, आणि दोनच ओळी तर बदलायच्या, हे आता होईल, असं म्हणत घोडीकडे गेला. खिळ्यांच्या खणांतून त्याची बोटं कोंबडीनं दाणे टिपावे तशी चालायला लागली.

ती बाकावर परत बसली. चहा आला होता आणि निवला होता. तिच्या ध्यानात आलं की ‘अंगाई’ काढून तिनं वामनरावांना वाचवलंच. समितीतला गवई आता हसणार नाही, राखणीच्या गाण्यात साद वर जाते हे कुणालाही पटेल, उलट देशमुखांनी रानात जाऊन ऐकून आणलं म्हणतील, निरीक्षकही करतील. हरकत नव्हती. होऊ देत निरीक्षक. तिला त्यांची आता निराळीच गरज होती. उद्या पुस्तक येईल, वामनराव पहिल्या पानावरचं नाव बोट ठेवून पाहतील आणि पुस्तक कपाटात ठेवतील. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरेल. एखादी मुलगी, गळा अजून कुणी दाबला नाही अशी, पान उघडून ओळीच्या टोकाला आवाज वर फेकेल, आणि वामनराव पेटीवरचा हात थांबवून म्हणतील, अगं थांब, थांब, हे काय. मुलगी पुस्तक पुढं करील. ते चष्मा लावून पाहतील. कानावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता, डोळ्यांवर तर नाहीच. पण छापलेल्या अक्षरावर, आणि त्यातही स्वतःच्या नावाच्या पुस्तकातल्या, देवापेक्षा जास्त. त्यांच्या मनात क्षणभर काहीतरी हलेल, आपल्या घरात हे असं नव्हतं असं, आणि लगेच विझेल. या एका गोष्टीची ती आईच्या शपथेवर खात्री देऊ शकली असती. ते पुस्तक मिटतील, भाता ओढतील आणि बाकीच्या साऱ्या वर्गाला दटावून सांगतील, ‘बरोबर म्हणते आहे ती. आता सगळ्या जणी. वर. आणखी वर.’